जिभेची साक्ष

अलीकडे पुणे, मुंबई, नाशिक या शहरांतील सुशिक्षित कुटुंबांत एका नव्या बैठकीची चाल पडली आहे. महिन्या-दोन महिन्यांनी पाच-सात दांपत्ये कोणा एकाच्या घरी जमतात. प्रत्येकजण वाइनची एकेक बाटली आणतो, सर्वजण तिची थोडथोडी चव घेतात, तिच्या रंगाविषयी व गंधाविषयी बोलतात. आणि दुसऱ्या दिवशी कोणती बाटली कोणत्या दुकानातून किती किमतीस घ्यावी याची शिफारस परिचितांत फिरू लागते. 1999 साली नाशकात सुला कंपनी स्थापन झाली, 2001 साली राज्य सरकारने द्राक्षप्रक्रिया उद्योगाविषयी आपले धोरण जाहीर केले, आणि पाहता पाहता त्या जिल्ह्यात वाइनसाठी निराळ्या जातींच्या वेली लागल्या. तेव्हा अशा बैठका निघाव्यात यात नवल काही नाही.

या विषयावर आपल्याकडे आजवर जो वाद झाला तो दोनच बाजूंनी झाला. मोठ्या किराणा दुकानांतून वाइन विकू देण्याचा निर्णय जानेवारी 2022मध्ये राज्य मंत्रिमंडळाने घेतला, तेव्हा एका पक्षाने महाराष्ट्र बुडाला असा आक्रोश केला, तर दुसऱ्याने द्राक्ष बागायतदार तरला असा जयघोष केला. आम्हांला प्रस्तुत लेखात या दोहोंपैकी कोणत्याच पक्षाची वकिली करावयाची नाही. आम्ही स्वतः मद्य घेत नाही. जे कायद्याच्या मर्यादेत राहून घेतात त्यांना उपदेश करण्याचीही आमची इच्छा नाही. आमचा आक्षेप अगदी निराळा आहे, आणि तो आजवर कोणी घेतलेला आमच्या वाचनात नाही. या बैठकांत लोक पितात ही आमची तक्रार नव्हे. या बैठकांत लोक चाखत नाहीत, ही आमची तक्रार आहे.

आमच्या एका जुन्या विद्यार्थ्याच्या आग्रहावरून गेल्या हिवाळ्यात आम्ही अशा एका बैठकीस हजर होतो. आमच्यापुढे कोकम सरबताचा पेला होता. अर्थात् डोळे व कान मोकळे होते. यजमानांनी एक बाटली उचलली, तिच्यावरील नाव वाचले, ती कोणत्या देशाची व कोणत्या सालची ते सांगितले, तिला एका विख्यात परीक्षकाने शंभरपैकी 92 गुण दिल्याचे सांगितले, आणि सर्वांत शेवटी, जराशा खालच्या आवाजात, तिची किंमत 4,000 रुपये असल्याचे सांगितले. इतके झाल्यावर ती पेल्यांत ओतली गेली. मग काय विचारता! एकाला तीत चेरीचा वास आला, दुसऱ्याला तंबाखूचा, तिसऱ्याला जुन्या चामड्याचा. शेजारच्या एक वयस्क काकू तेथे होत्या. वरणात हिंग कमी पडला तर तो वाफेवरून ओळखणाऱ्या त्या बाई. त्यांनी घोट घेतला व सरळ म्हटले, "मला तर ही नुसती आंबट आणि तुरट लागली." सर्वजण हसले. हसण्यात दुष्टपणा नव्हता. पण त्या रात्री काकू पुन्हा एक शब्द बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी त्या बाटलीची शिफारस सर्व परिचितांकडे गेली, आणि आमच्या माहितीप्रमाणे निदान चौघांनी ती विकत घेतली.

या प्रसंगात अन्याय झाला तो काकूंवर झालाच. पण त्याहून मोठा अन्याय त्या चौघांवर झाला. त्यांना वाटले की आपणांस सहा-सात जिभांची साक्ष मिळाली आहे. वस्तुतः त्यांना मिळाली ती एका कागदी चिठ्ठीची साक्ष, सहा-सात तोंडांनी उच्चारलेली. साक्ष देण्यास खरोखर योग्य अशी जी एक जीभ तेथे होती, तिला तर सभेने हसून गप्प केले होते.

आमचे हे म्हणणे कोणास अतिशयोक्तीचे वाटेल, म्हणून काही घडलेल्या गोष्टी पुढे ठेवतो. 24 मे 1976 रोजी पॅरिस येथे स्टीव्हन स्परियर नावाच्या इंग्रज वाइन-व्यापाऱ्याने नऊ फ्रेंच परीक्षकांपुढे फ्रान्सच्या व कॅलिफोर्नियाच्या वाइन, नावे झाकून, ठेवल्या. परीक्षक लहानसहान नव्हते. वाइन हाच त्यांचा व्यवसाय होता. निकाल लागला तेव्हा पांढऱ्या व तांबड्या अशा दोन्ही वर्गांत पहिला क्रमांक कॅलिफोर्नियाच्या बाटलीस मिळालेला होता. एका परीक्षक बाईंनी तर आपली गुणपत्रिका परत मागितली! नावे उघडी असती तर हाच निकाल लागला असता असे म्हणण्याचे धाडस कोण करील?

2001 साली बोर्दो येथील संशोधकांनी प्रसिद्ध केलेला प्रयोग याहून बोलका आहे. वाइनशास्त्राच्या 54 विद्यार्थ्यांना पांढरी वाइन वासहीन रंगाने तांबडी करून देण्यात आली, आणि त्यांनी तिचे वर्णन तांबड्या वाइनच्या ठरीव शब्दांत केले. कॅलिफोर्नियातील संशोधकांनी 2008 साली 90 डॉलरांची एकच वाइन लोकांना एकदा खऱ्या किमतीने व एकदा 10 डॉलरांची म्हणून चाखावयास दिली. किंमत वाढताच ती लोकांना अधिक रुचली. इतकेच नव्हे, तर सुखाची जाणीव नोंदविणारा मेंदूचा भागही अधिक जागृत झालेला यंत्रावर दिसला. म्हणजे हे लोक खोटे बोलत नव्हते. किंमत त्यांच्या जिभेवर खरोखरच जाऊन बसली होती. आमच्या यजमानांच्या मित्रांना चामड्याचा वास आला तोही ढोंग म्हणून आला नसेल. पण ज्याला आपली साक्ष दूषित झाल्याचे कळतच नाही असा साक्षीदार लबाड साक्षीदारापेक्षा अधिक धोक्याचा असतो, कारण त्याच्या उलटतपासणीतून काहीच निष्पन्न होत नाही.

येथे आम्हांस आमचा स्वतःचा अपराध सांगितला पाहिजे. आमची सारी नोकरी उत्तरपत्रिका तपासण्यात गेली आहे. विद्यापीठाच्या परीक्षेत परीक्षकास विद्यार्थ्याचे नाव कळू देत नाहीत. तरुणपणी आम्हांला हा आपल्या सचोटीवरील अविश्वास वाटे. पुढे एका घरगुती चाचणीत, जिच्या वह्यांवर नावे असतात, आम्ही वर्गातील एका हुशार मुलास वीसपैकी 15 गुण दिले व मागच्या बाकावरील एका मुलास 9. तो दुसरा मुलगा आमच्या खोलीत आला व दोन्ही वह्या त्याने आमच्यापुढे उघडून ठेवल्या. उत्तर शब्दशः एकच होते. दोघांनीही ते एकाच मार्गदर्शिकेतून उतरविले होते. तो म्हणाला, "सर, नक्कल केली ही चूकच. पण मग दोघांनाही नऊच द्या." त्या दिवसापासून नाव झाकण्याच्या नियमाविरुद्ध आम्ही शब्द काढलेला नाही. आम्ही त्या हुशार मुलाच्या बाजूने लबाडी केली नव्हती. त्याच्या वहीतील वाक्ये आम्हांला खरोखरच अधिक चांगली वाटली होती!

आता दुसरा एक पक्ष पुढे सरसावेल व म्हणेल, "तर मग हे सर्व चाखणे-बिखणे थोतांडच आहे. ज्याला जे आवडेल ते त्याने घ्यावे." हा पक्ष आम्हांला पहिल्याइतकाच अमान्य आहे. हा आळशाचा तर्क होय. कॅलिफोर्नियाच्या राज्य-प्रदर्शनातील परीक्षकांना एकाच बाटलीतील वाइन नकळत तीन वेळा देऊन पाहिली, तेव्हा तिन्ही वेळा जवळपास सारखा निकाल देणारे परीक्षक शेकडा 10 निघाले, असे रॉबर्ट हॉजसन यांनी 2008 साली दाखविले. या आकड्यावर लोक हसतात. पण याच वर्षी अमेरिकेतील 6,000हून अधिक झाकलेल्या चाखण्यांचा जो हिशेब प्रसिद्ध झाला, त्याकडेही पाहावे. सामान्य लोकांना महाग वाइन किंचित कमीच आवडली. परंतु ज्यांनी या विषयाचे शिक्षण घेतले होते त्यांच्या बाबतीत तसे आढळले नाही. तात्पर्य, जीभ भोळी आहे, परंतु मूढ नाही. तिला शिकविता येते. मात्र ते शिक्षण चिठ्ठ्या पाठ करून होत नाही, चिठ्ठ्या झाकून होते.

चिठ्ठीवर विसंबणाऱ्याचे काय होते हेही जगाने पाहिले आहे. बोर्दोच्या तांबड्या वाइनची जी प्रसिद्ध प्रतवारी आजही प्रमाण मानतात, ती 1855च्या पॅरिस प्रदर्शनासाठी दलालांनी बाजारातील भावांवरून ठरविली, आणि तिच्या वरच्या पायरीवर त्यानंतर एकच बदल झाला, तो 1973 साली. रूडी कुर्नियावान या इसमाने तर अमेरिकेत आपल्या घरी बसून जुन्या दुर्मिळ वाइनच्या चिठ्ठ्या तयार केल्या, बाटल्यांवर चिकटविल्या, आणि वर्षानुवर्षे त्या धनिकांच्या गळ्यात मारल्या. 2014 साली त्याला दहा वर्षांची शिक्षा झाली. त्याचे एक सोंग उघडकीस आले ते कोणाच्या जिभेमुळे नव्हे, तर ज्या सालांच्या बाटल्या लिलावास निघाल्या त्या सालांत तो मद्यगृहस्थ ती वाइन तयारच करीत नव्हता म्हणून! आपणही याला हसण्याचे कारण नाही. परप्रांतीच्या पेटीवर 'देवगड' छापून विकलेला आंबा आपल्या घरांत कोणी कधी आणलाच नाही काय? कोकणच्या हापुसाला 2018 साली भौगोलिक मानांकन मिळाले ते याच दुखण्यावर औषध म्हणून. परंतु आपले वडील पेटी न पाहता फळ नाकाशी धरीत व एक फोड कापून मागत. ते औषध अधिक जुने व अधिक खात्रीचे होते.

साक्षीच्या कायद्यात एक तत्त्व आहे. 1872च्या कायद्यात ते होते व 2024 साली अमलात आलेल्या नव्या कायद्यातही ते कायम आहे. पाहिलेल्या गोष्टीची साक्ष पाहणाऱ्याने द्यावी, ऐकलेल्याची ऐकणाऱ्याने, आणि अन्य इंद्रियाने जाणलेल्या गोष्टीची त्याच इंद्रियाने जाणणाऱ्याने. वाइनची शिफारस करणाऱ्यांस आम्ही एवढेच विचारतो की, आपण जी साक्ष देता ती आपल्या जिभेची, की चिठ्ठी वाचणाऱ्या डोळ्यांची?

म्हणून आमच्या मागण्या चारच आहेत, आणि त्यांस पैचा खर्च नाही. पहिली, बाटल्या कापडात गुंडाळून, आकडे घालून, मगच पेल्यांत ओताव्यात. दुसरी, कोणीही बोलण्यापूर्वी प्रत्येकाने आपले मत कागदावर लिहावे. कारण पहिला बोलणारा हीदेखील एक चिठ्ठीच असते. तिसरी, एक बाटली न सांगता दोनदा फिरवावी, म्हणजे आपल्या जिभेवर किती भिस्त ठेवावी हे ज्याचे त्याला कळेल. चौथी, शिफारस करताना किंमत सांगावी, बाटली झाकून चाखली की उघडी हे सांगावे, आणि ती दुकानदाराने फुकट दिली असल्यास तेही सांगावे. शिवाय जिभेने आपल्या अधिकाराबाहेर जाऊ नये. "तांबडी वाइन हृदयास चांगली" हे वाक्य या शिफारशींना सर्रास जोडलेले असते. मद्याचे कोणतेच प्रमाण आरोग्यास निर्धोक म्हणता येत नाही, असे जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी 2023मध्ये स्पष्ट केले आहे. चव सांगणाऱ्याने चव सांगावी. वैद्यकी करू नये.

यावर असे म्हणतील की, ही चार मित्रांची करमणूक आहे, तिला परीक्षागृहाची कळा कशाला आणता? करमणूक घरात राहीपर्यंत हा आक्षेप योग्य आहे. परंतु ज्या क्षणी आपण दुसऱ्यास "हे घे" म्हणतो, त्या क्षणी त्याच्या पैशाची जबाबदारी आपण पत्करतो. कोणी असेही म्हणतील की, जो स्वतः पीत नाही त्याने यात बोलू नये. परीक्षेतील गोंधळ दाखविण्यास परीक्षार्थी असावे लागत नाही. आणि पिणाऱ्यांच्या तोंडून हा आक्षेप येण्याची वाट आम्ही पुष्कळ पाहिली.

खरे सांगावयाचे तर आमची चिंता वाइनपुरती नाही. जो समाज घोट घेण्यापूर्वी किंमत विचारतो तो पुस्तक उघडण्यापूर्वी लेखकाचे नाव पाहतो, आणि गाणे ऐकण्यापूर्वी गवयाचे घराणे विचारतो. या मासिकात परीक्षणे लिहिणारे आम्हीही त्या दोषापासून मुक्त नाही. मलपृष्ठावरील पुरस्काराची यादी वाचून मग कविता आवडल्याचे प्रसंग आमच्या खात्यावर आहेत. स्वतःला काय वाटले हे दुसऱ्याचे तोंड न पाहता सांगता येणे, ही लहान गोष्ट नव्हे. ती सवय एका क्षेत्रात मोडली की सर्वत्र मोडते. आणि म्हणूनच ती, करमणुकीत का होईना, कोठेतरी पुन्हा लागावी असे आम्हांला वाटते.

त्या यजमानांचे पुढच्या बैठकीचे निमंत्रण आम्हांस आले आहे. आम्ही जाऊ, आणि आमचे कोकम सरबत पिऊ. अट एकच कळविली आहे: बाटल्या झाकलेल्या असाव्यात, आणि काकूंचा कागद सर्वांत आधी वाचावा.