धुण्याचा दगड

मी दर हिवाळ्यात पालखीच्या वाटेचा एकेक तुकडा कॅमेरा घेऊन चालतो, हे या सदराच्या वाचकांना ठाऊक आहे. त्या वाटेवर आषाढात माणसं बघावीत. जुन्या वास्तू बघायच्या तर मार्गशीर्ष-पौषात. ऊन तिरपं असतं, मंडप उतरलेले असतात, शिखरं मोकळी दिसतात.

आळंदी ते पंढरपूर सुमारे २५० किलोमीटर. सासवडला कऱ्हेकाठचा संगमेश्वर, फलटणला कोरीव जबरेश्वर, वेळापूरला अर्धनारीनटेश्वर आणि तिथले यादवकालीन शिलालेख. ही ठिकाणं कुणीही दाखवतं. २०२१ साली या मार्गाच्या चौपदरीकरणाचं भूमिपूजन झालं, तेव्हापासून मला घोर आहे तो आडबाजूच्या, पाटी नसलेल्या बारवांचा आणि धर्मशाळांचा.

पण या आठवड्यात डोकं फिरलं ते ऑइलपेंटमुळे. विचारत विचारत आडगावच्या देवळापाशी पोचावं, तर काळ्या पाषाणाऐवजी गुलाबी खांब आणि पिवळी कमान! शिलालेखाची अक्षरं आधीच झिजलेली असतात. रंगाच्या दोन हातांत ती सपाट होतात. दगडात मुरलेलं पाणी आतच कोंडतं आणि पुढे पापुद्रे सुटतात. फोटोसाठी अक्षरांवर खडू किंवा पीठ फासायचीही गरज नसते. सकाळचा उजेड बाजूनं पडला की खाचेत सावली बसते आणि ओळ आपसूक उठून दिसते.

गेल्या महिन्यात माळशिरसच्या अलीकडे एक बारव शोधत गेलो होतो. ती बुजवलेली निघाली. परतताना हापशापाशी एक आजी धुणं धूत होत्या. त्यांच्या दगडाची कड कोरीव वाटली.

“आजी, हा जरा उलटा करून बघू?”

“बघ की बाबा. धुण्याचा दगूड हाय.”

तो वीरगळ होता. वीरगळ खालून वर वाचायचा. तळाच्या चौकटीत लढताना पडलेला वीर, मधल्या चौकटीत त्याला नेणाऱ्या अप्सरा, वर शिवलिंगाची पूजा करणारा तोच, आणि माथ्यावर चंद्रसूर्य. मी सांगत होतो तसतशा आजी ओल्या बोटानं एकेक चौकट चाचपत गेल्या.

“म्हंजी कुणाचा तरी ल्योक हाय ह्यो,” त्या म्हणाल्या. मग बराच वेळ गप्प बसून, “आन् मी ह्याच्यावर धुणं आपटलं.”

परवा त्यांच्या नातवानं मोबाइलवर फोटो पाठवला. दगड लिंबाखालच्या ओट्यावर उभा केलाय, पुढे उदबत्ती लावलीय. आणि वीर, अप्सरा, शिवलिंग सगळं शेंदरी ऑइलपेंटखाली गेलंय.

आता चिडू कुणावर? तो रंग मायेनंच लागलाय. दगड कसा वाचायचा ते मी सांगितलं. त्याला काय सोसत नाही ते सांगायचं राहून गेलं.

येत्या रविवारी पुन्हा जातोय. रंगाआधी काढलेला फोटो मोठा छापून घेतलाय. तो आजींच्या घरात लावायचा आहे. शेंदराखाली कोण उभा आहे, ते त्या नातवाच्या मुलांनाही कळायला हवं.