मृत्युपत्र स्वतः लिहावे की वकिलाला पैसे द्यावेत? आधी सातबारा काढा

डिजिटल डेस्क, अहमदपूर

आमच्या आजोबांनी मृत्युपत्र लिहून ठेवले होते. वहीची दोन पाने, निळी शाई. निजामाच्या काळात उर्दू शाळेत बसलेल्या माणसाचे ते मराठी अक्षर होते. तारीख होती, सही होती, दोन साक्षीदारही होते. पण जमिनीच्या जागी त्यांनी लिहिले होते, 'ओढ्याकडचे रान धाकट्याला, विहिरीचे रान मुलीला.' आमच्या शिवारात ओढा दोन गटांना लागून जातो आणि विहीर त्यातल्याच एका गटात आहे. त्यांच्या डोक्यात हिशेब स्पष्ट असणार, पण तो कागदावर आला नाही. फेरफारावर हरकत आली, प्रकरण तहसीलला गेले आणि आत्याने भाऊबीजेला येणे बंद केले.

म्हणून 'मृत्युपत्र घरी लिहिले तर चालते का, की वकीलच पाहिजे?' असा प्रश्न वाचकांकडून आला की मला त्यात कायद्याआधी आत्याच दिसते.

कायदा काय म्हणतो?

चालते. भारतीय उत्तराधिकार अधिनियम, 1925 मध्ये वकिलाची अट नाही. बॉन्ड पेपर लागत नाही, साधा कागद पुरतो. मुद्रांक शुल्क नाही, नोटरीही सक्तीची नाही. आपल्याकडे 'बॉन्डवर लिहून दिलंय' म्हटले की विषय संपला असे समजतात, पण मृत्युपत्राला बॉन्डने काहीही जास्तीचे बळ येत नाही.

कलम 63 ला लागतात त्या गोष्टी मोजक्या आहेत. लिहिणाऱ्याची सही किंवा अंगठा. किमान दोन साक्षीदार, ज्यांनी ती सही होताना पाहिली किंवा 'ही सही माझीच' असे लिहिणाऱ्याने ज्यांना स्वतः सांगितले. आणि त्या साक्षीदारांच्या लिहिणाऱ्यासमोर झालेल्या सह्या. दोघे एकाच वेळी हजर असलेच पाहिजेत असेही नाही. लिहिणारा सज्ञान आणि भानावर असावा. नंतर खाडाखोड केली तर तिथेही सही आणि साक्षीदार हवेत. व्हॉट्सॲपवर आवाज रेकॉर्ड करून ठेवणे म्हणजे मृत्युपत्र नव्हे.

हे नियम हिंदू, बौद्ध, जैन आणि शीख कुटुंबांना लागू आहेत. मुस्लिम कुटुंबांत वसियतीचे नियम वेगळे आहेत. साधारणपणे अंत्यविधीचा खर्च आणि कर्ज वजा जाता उरलेल्या मालमत्तेच्या एक तृतीयांशापर्यंतच वसियत करता येते, आणि वारसालाच द्यायचे तर इतर वारसांची संमती लागते. त्यांनी इंटरनेटवरचा सरसकट नमुना वापरूच नये.

मग वकील कशाला?

मी इंजिनिअरिंग केले आहे, त्यामुळे 'नमुना भरा, काम झाले' हा मोह मला कळतो. या लेखासाठी मोबाइलवर एक नमुना भरूनही पाहिला. भाषा झकास होती. नोटरीच्या शिक्क्याला जागा होती, दुसऱ्या साक्षीदाराला नव्हती. तो कागद कोर्टात पहिल्याच तारखेला पडला असता.

पण खरी अडचण फॉर्मची नाही. अहमदपूर तालुक्यातल्या बहुतेक घरांत मालमत्ता म्हणजे जमीन, आणि जमिनीबाबत पहिला प्रश्न 'कुणाला द्यायची' हा नसतोच. 'ती पूर्ण तुमची आहे का' हा असतो.

एक उदाहरण घेऊ. सातबारा वडिलांच्या एकट्याच्या नावावर, आठ एकर. घरात आई, एक मुलगा, एक मुलगी. वडील म्हणतात, सगळी मुलाला लिहून देतो. ही जमीन एकत्र कुटुंबाची वडिलोपार्जित असेल, तर आजच्या घडीला वाटणी धरून चौघांचे चार हिस्से होतात, प्रत्येकी दोन एकर. मुलगी जन्माने हिस्सेदार आहे. महाराष्ट्राने अशी तरतूद 1994 मध्ये केली, देशात ती 2005 मध्ये आली, आणि त्यासाठी 2005 ला वडील हयात असण्याची गरज नाही हे सर्वोच्च न्यायालयाने 11 ऑगस्ट 2020 रोजी विनीता शर्मा खटल्यात स्पष्ट केले. वडिलांना मृत्युपत्राने देता येतो तो स्वतःचा हिस्सा, म्हणजे दोन एकर. आठ एकरांचे मृत्युपत्र कितीही सुंदर लिहा, उरलेल्या सहा एकरांपुरते ते नुसता कागद आहे.

आता तेच आठ एकर आजोबांनी स्वतः विकत घेतलेले होते आणि ते 1956 नंतर वारले, असे समजा. मग वारसाने वडिलांकडे आलेला हिस्सा सहसा त्यांचा स्वतंत्र मानला जातो आणि तो पूर्ण देता येतो. मात्र त्यावेळी आजोबांच्या मुलींची नावे लावली होती का, हा वेगळा प्रश्न उभा राहतो. सातबाऱ्यावर एकच नाव दिसते, पण त्या नावामागे वाटणी आहे, वारस नोंद आहे की खरेदीखत, हे जुन्या फेरफारांत असते. आपल्या भागात तोंडी वाटण्या भरपूर, आणि जमीन इनामी असेल किंवा वर्ग-2 ची असेल तर गुंता आणखी. ओढा, बांध, चिंचेचे झाड या खुणांवर वाटलेल्या रानाला गट क्रमांक, क्षेत्र आणि चतुःसीमा देणे हे वकिलाचे खरे काम. टायपिंग कुणीही करेल. तुम्ही फी देता ती जुने फेरफार वाचण्याची.

म्हणून माझे मत सरळ आहे. मालमत्ता स्वकष्टाची असेल, खरेदीखत तुमच्या नावावर असेल आणि घरात वाद नसेल, तर स्वतःच्या हाताने लिहा, पैसे वाचवा. संपूर्ण स्वहस्ताक्षरातले मृत्युपत्र खरे ठरवणे उलट सोपे जाते, कारण अक्षरच बोलते. पण जमीन वडिलोपार्जित असेल, दुसरे लग्न झाले असेल, एखाद्या मुलाला किंवा मुलीला वगळायचे असेल, किंवा कुणी अपंग वारस आयुष्यभर सांभाळायचा असेल, तर वकिलाचे पैसे वाचवू नका. एखादे बैल-बारदाना विकताना आपण चार जणांना विचारतो, इथे तर रान आहे.

वकील केला म्हणजे वाद टळतो?

नाही. बाळासाहेब ठाकरे यांचे मृत्युपत्र 13 डिसेंबर 2011 चे. नामवंत डॉक्टर त्यावर साक्षीदार होते. 17 नोव्हेंबर 2012 रोजी त्यांचे निधन झाल्यावर उद्धव ठाकरे प्रोबेटसाठी मुंबई उच्च न्यायालयात गेले आणि जयदेव ठाकरे यांनी त्याला आव्हान दिले. वडिलांची मनःस्थिती आणि प्रकृती हा वादाचा मुद्दा होता. साक्षी झाल्या, उलटतपासण्या झाल्या. अखेर नोव्हेंबर 2018 मध्ये जयदेव यांनी आव्हान मागे घेतले. म्हणजे सहा वर्षे.

दुसरे प्रकरण आपल्या भिंतीवर टांगलेले आहे. 'कालनिर्णय'चे संस्थापक जयंत साळगावकर यांनी जून 2011 मध्ये मृत्युपत्र केले होते. ऑगस्ट 2013 मध्ये ते गेले. त्यांच्या काही गुंतवणुकींवर नॉमिनी लावलेले होते. नॉमिनी हाच मालक की मृत्युपत्राप्रमाणे वारस, हा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोहोचला. 14 डिसेंबर 2023 रोजी निकाल आला की शेअर आणि तत्सम गुंतवणुकीवरच्या नॉमिनीला मालकी मिळत नाही. मालकी वारसा कायद्याने किंवा मृत्युपत्राने ठरते. तेव्हा बँकेत मोठ्या मुलाचे नाव नॉमिनी म्हणून आहे आणि मृत्युपत्रात ठेव धाकट्या मुलीला आहे, असे असेल तर आजच दोन्ही जुळवा. हे काम फुकटात होते.

साक्षीदार कोण घ्यावेत?

इथे सर्वाधिक चुका होतात, घरी लिहिणाऱ्यांच्याही आणि वकिलाकडे जाणाऱ्यांच्याही. मृत्युपत्र कोर्टात सिद्ध करताना किमान एका साक्षीदाराला, तो हयात आणि हजर होऊ शकत असेल तर, साक्ष द्यावी लागते. आपण काय करतो? वयाने मोठा, मानाचा माणूस घेतो. सत्तरीतल्या माणसाच्या मृत्युपत्रावर पंच्याहत्तरीचे दोन साक्षीदार. आजोबांचे दोन्ही साक्षीदार त्यांच्याआधीच गेले होते.

वयाने लहान, गावात किंवा जवळपास राहणारे आणि ज्यांना काही मिळणार नाही असे दोघे घ्या. ज्याला मालमत्ता मिळणार त्यानेच साक्षीदार होणे हिंदूंच्या बाबतीत आपोआप बाद ठरत नाही, पण संशयाला आयते निमंत्रण मिळते. वय झाले असेल किंवा आजारपण असेल तर नेहमीच्या डॉक्टरांकडून त्याच तारखेचे 'भानावर आहेत' असे प्रमाणपत्र घ्यावे.

नोंदणी करावी का?

सक्ती नाही, पण करावी. दुय्यम निबंधक कार्यालयात मृत्युपत्राची नोंदणी फी 100 रुपये आहे, पानांचे हाताळणी शुल्क वेगळे. अंथरुणाला खिळलेल्या व्यक्तीसाठी अधिकाऱ्याने घरी येण्याची तरतूद आहे. नोंदणी झाली म्हणजे मृत्युपत्र सिद्ध झाले असे नाही. मात्र 'असा कागदच नव्हता' हा आरोप टिकत नाही. नंतर विचार बदलला तर नवे करता येते, शेवटचे तेच खरे.

'गावभर कळेल' ही भीती अनेकांना असते. पण मृत्युपत्राची नक्कल हयातीत फक्त करणाऱ्याला किंवा त्याच्या मुखत्याराला मिळते.

पुढे काय होते?

निधनानंतर मृत्युदाखला, मृत्युपत्र आणि अर्ज तलाठ्याकडे द्यायचा. आता या पदाचे नाव ग्राम महसूल अधिकारी झाले आहे. नोटिसा निघतात. हरकत आली नाही तर मंडळ अधिकारी फेरफार मंजूर करतात. हरकत आली तर प्रकरण चालते, आणि मृत्युपत्र खरे की खोटे हे शेवटी दिवाणी न्यायालयच ठरवते. फेरफार झाला म्हणजे मालकी पक्की, असेही नाही. सर्वोच्च न्यायालयाने हे 2021 मध्ये पुन्हा एकदा सांगितले आहे. प्रोबेटची सक्ती मात्र आपल्या भागात कधी नव्हती, ती मुंबईसारख्या शहरांची भानगड होती.

आमच्या घरच्या वादात अखेर आत्या आणि धाकटे काका यांनी बांधावर उभे राहून आपसात मोजणी मान्य केली. त्यानंतर वडिलांनी स्वतःचे मृत्युपत्र केले. मजकूर त्यांनीच लिहिला, वकिलाने जुने फेरफार पाहून दोन ओळी खोडल्या आणि गट क्रमांक घातले. नोंदणीला त्यांना गाडीवरून मीच घेऊन गेलो होतो. आत काय लिहिले आहे ते मला अजून माहीत नाही. नक्कल मागायचा अधिकार सध्या त्यांचा आहे.