चुकणारा सारथी

चतुर्थीच्या सुट्टीत आमचा मुंबईचा भाचा सर्वणला आला, की माटोळी बांधता बांधता एखादा वाद रंगल्याशिवाय राहत नाही. या खेपेचा विषय होता मोटारींची शर्यत. "मामा, जो चालक पुनःपुन्हा गाडी आपटतो, त्याला संघाने ठेवावे की काढावे?" असा त्याचा रोखठोक सवाल. आमचे सारथ्य एका जुन्या स्कूटरपुरते, तेही सर्वण ते डिचोली एवढ्याच मुलखातले. एरवी आम्ही हसून विषय टाळला असता. परंतु त्याच आठवड्यात आमच्या विद्यालयाच्या शारीरिक शिक्षकांनी खो-खोच्या संघातील एका मुलाविषयी नेमका हाच प्रश्न आमच्यापुढे ठेवला होता. मुलगा वाऱ्यासारखा धावे. पण घाईत खो चुकवी, मधली पाटी ओलांडी. तालुक्याचे सामने तोंडावर आले होते. तेव्हा भाच्याचे म्हणणे आम्ही नेहमीपेक्षा अधिक कान देऊन ऐकले.

फॉर्म्युला वनच्या शर्यतीत प्रत्येक संघाचे दोनच चालक उतरतात. गाडीचा वेग ताशी तीनशे किलोमीटरच्याही पुढे जातो. शेकडो कारागिरांनी अनेक महिने खपून सिद्ध केलेले यंत्र एका क्षणाच्या चुकीने भंगार होते आणि प्रसंगी प्राणावर बेतते. म्हणून "चुका कोणाच्या होत नाहीत?" एवढे म्हणून हा प्रश्न सुटत नाही. खाणींच्या भरभराटीच्या काळात खेपांच्या हिशेबाने धावणारे खनिजाचे ट्रक आपल्या डिचोलीकरांनी पाहिले आहेत. चाकावरील हाताची चूक म्हणजे काय, हे त्यांना समजावून सांगावयास नको.

विल्यम्स संघाच्या लोगन सार्जंट या अमेरिकन तरुणाचे उदाहरण घ्या. २०२३च्या हंगामात त्याला अवघा एक गुण मिळाला. २०२४च्या मार्चमध्ये मेलबर्न येथे त्याचा सहकारी आल्बन याने सरावात आपली गाडी मोडली. संघाजवळ दुसरा सांगाडा नव्हता. संघप्रमुखांनी सार्जंटची धडधाकट गाडी काढून आल्बनला दिली आणि ज्याने त्या दिवशी काहीच मोडले नव्हते, तो बाजूला बसून राहिला. गुणांचा हिशेब पाहता निर्णय कदाचित व्यवहार्य असेल. पण "आमचा तुझ्यावर भरवसा नाही" हे याहून स्पष्ट कसे सांगावे? तरीही त्याला काढले नाही. ऑगस्टमध्ये झांडवूर्ट येथील सरावात त्याची गाडी आदळून पेटली, आणि मग तीन दिवसांत त्याची जागा फ्रँको कोलापिंतो या अर्जेंटिनाच्या तरुणाला मिळाली.

नवा गडी झळकला. बाकू येथे आठवा आला, ऑस्टिन येथे दहावा. लोक म्हणाले, पाहा, बदल फळला! परंतु नोव्हेंबरात ब्राझीलमध्ये पात्रता फेरीत आणि मुख्य शर्यतीतही त्याने गाडी आपटली. शर्यतीत तर सुरक्षा गाडीमागून संथपणे जाताना! त्याच महिन्यात लास वेगास येथे पुन्हा तेच. तात्पर्य, चालक बदलला म्हणजे चूक बदलते असे नव्हे. २०२५ साली रेड बुल संघाने लियम लॉसन याला केवळ दोन शर्यतींनंतर दूर केले. त्याच्या जागी आणलेला त्सुनोडाही वर्षअखेर त्या जागेवर राहिला नाही.

आता दुसरी बाजू. फ्रान्सचा रोमाँ ग्रोजाँ लोटस संघात होता. २०१२च्या सप्टेंबरात बेल्जियमच्या स्पा येथे त्याने पहिल्याच वळणावर असा अपघात घडविला, की अलोन्सो आणि हॅमिल्टन यांच्यासारखे मातब्बर जागच्या जागी बाद झाले. त्याला एका शर्यतीची बंदी झाली. परत आल्यावर ऑक्टोबरात जपानमध्ये त्याने वेबरला धडक दिली. संघाने त्याला काढले असते, तर कोणी नावे ठेवली नसती. संघाने मात्र पुढील वर्षासाठी त्यालाच नेमले. २०१३ साली तो सहा वेळा पहिल्या तिघांत आला. त्यांतील एक यश तर आपल्याच देशातले. ग्रेटर नोएडाच्या बुद्ध सर्किटवर तो सतराव्या स्थानावरून निघाला आणि तिसरा येऊन थांबला.

भाच्याने येथे आम्हांला अडविले. "मामा, तोच ग्रोजाँ २०१८ साली बाकूला सुरक्षा गाडीमागून जाताना भिंतीवर आदळला होता!" खरे आहे. विश्वास ठेवला म्हणजे माणूस चुकावयाचा थांबतो, असा दावा आम्हीही करीत नाही. आमचे म्हणणे निराळे आहे. ठेवावयाचे तर पुरते ठेवावे आणि काढावयाचे तर स्वच्छपणे काढावे. अर्धवट ठेवणे हे सर्वांत वाईट.

महाभारतकारांनी हे केव्हाच दाखवून ठेवले आहे. कर्णाच्या रथावर शल्य बसला तो घोडे हाकण्यासाठी. पण वाटभर त्याने कर्णाचा तेजोभंग केला. आजच्या शर्यतीत चालकाच्या कानाशी संघाचा आवाज सतत असतो. त्या आवाजातून शल्य बोलतो की आणखी कोणी, यावर पुष्कळ काही ठरते. २०२५च्या मार्चमध्ये इसाक हाजर हा नवखा चालक पावसात मेलबर्नला आपल्या पहिल्या शर्यतीस निघाला आणि शर्यत सुरू होण्यापूर्वीच्या फेरीतच गाडी आपटून बसला. पोर ढसढसा रडले. त्या वेळी त्याला जवळ घेतले ते हॅमिल्टनच्या वडिलांनी, म्हणजे दुसऱ्याच संघातील चालकाच्या पित्याने. संघानेही त्याची जागा काढली नाही. ऑगस्टअखेर झांडवूर्ट येथे तो तिसरा आला आणि २०२६च्या हंगामासाठी रेड बुलने त्सुनोडाच्या जागी त्यालाच निवडले.

आपल्या घरचे उदाहरण हवे असेल, तर मडगावात जन्मलेले दिलीप सरदेसाई आठवावेत. १९७१च्या वेस्ट इंडीज दौऱ्यापूर्वी त्यांचे दिवस संपले असे पुष्कळांना वाटत होते. कर्णधार अजित वाडेकरांनी मात्र त्यांच्यासाठी आग्रह धरला. किंग्स्टनला भारताचे पाच गडी ७५ धावांत परतले असता सरदेसाईंनी २१२ धावा काढल्या. मालिकेत एकूण ६४२.

हे सारे सांगत असताना आमच्या मनात एक जुनी सल होती. अनेक वर्षांपूर्वी, आम्ही साधे शिक्षक असताना, असाच एक चुकणारा मुलगा आमच्या संघात होता. आम्ही त्याला काढले नाही, पण मैदानाच्या कडेला उभे राहून प्रत्येक चुकीला ओरडत राहिलो, "आणखी एक चूक केलीस तर बाहेर!" त्याची नजर प्रतिस्पर्ध्यावरून सुटून आमच्याकडे वळू लागली. चुका वाढल्या. ऐन सामन्यात आम्ही त्याला बाहेर बोलावले. दुसऱ्या दिवसापासून तो मैदानावर फिरकला नाही. शल्य आम्हीच होतो, हे समजावयास आम्हांला फार उशीर लागला.

म्हणून या वेळी आम्ही त्या मुलाला बोलावून सांगितले, "संघ टिकेल तोवर या स्पर्धेतला प्रत्येक सामना तू खेळणार. चुकलास तरी खेळणार. स्पर्धा संपल्यावर आपण बसून ठरवू." शारीरिक शिक्षकांना ते फारसे रुचले नाही. इतर आठ मुलांच्या मेहनतीचे काय, हा त्यांचा प्रश्न रास्त होता आणि त्याचे पुरते उत्तर आमच्याजवळ नव्हते.

पहिला सामना आम्ही जिंकलो. त्याच्या दोन चुका झाल्या. दुसरा हरलो, त्याची एकच चूक झाली, पण ती नेमकी शेवटच्या मिनिटाला. परतीच्या बसमध्ये तो आपण होऊन आमच्या शेजारी येऊन बसला आणि म्हणाला, "सर, खो देण्याच्या आधीच माझी नजर पुढच्या खांबाकडे जाते. म्हणून हात उशिरा लागतो." इतक्या महिन्यांत जे आम्हां दोघा शिक्षकांना दिसले नव्हते, ते त्याने स्वतः शोधून काढले होते. धाकात असलेला मुलगा चूक लपवितो. धाक नसला, की ती तपासतो.

सामना गमावला, हे आम्ही झाकू इच्छीत नाही. पुढील वर्षी त्याने पाठलाग करावा की केवळ संरक्षणात खेळावे, हे आम्ही तिघे मिळून ठरविणार आहोत. कौरवसेना पाहून रथातून उडी टाकून पळणाऱ्या उत्तराला अर्जुनाने धरून आणले, आणि त्याला घरी न धाडता त्याच्या हाती लगाम दिले. माणसाची जागा बदलणे आणि माणूस टाकून देणे, यांत मोठे अंतर आहे. भाचा मुंबईस परतताना म्हणाला, "मामा, तुम्ही माझ्या प्रश्नाचे उत्तर दिलेच नाहीत." आम्ही म्हणालो, "बाबा रे, चालक काढावा की ठेवावा हे मागाहून पाहू. आधी त्याच्या कानाशी कोण बोलतो आहे, ते पाहा."