खोक्यातला इतिहास

अमेरिकेचा इतिहास मुलांना गोष्टींच्या पुस्तकांतून शिकवावा, हे मला पूर्ण मान्य आहे. तो खोक्यातून शिकवू नये, एवढंच माझं म्हणणं आहे. पण हे 'एवढंच' बरंच लांब जातं, म्हणून हा लेख.

आधी खोकं म्हणजे काय ते सांगते. अमेरिकेत होमस्कूलिंग करणाऱ्यांसाठी तयार अभ्यासक्रम विकत मिळतात. त्यातला सगळ्यात लाडका प्रकार म्हणजे साहित्यावर आधारलेला, सगळं एकत्र असलेला संच. काहीशे डॉलर भरले की दारात एक जड खोकं येतं. आत वीस-पंचवीस कादंबऱ्या आणि चरित्रं, एक नकाशा, भिंतीवर लावायची कालपट्टी, आणि आईबापांसाठी एक जाडजूड मार्गदर्शिका. छत्तीस आठवडे, आठवड्याचे चार-पाच दिवस. सोमवारी कोणत्या पुस्तकाची कोणती पानं मोठ्यानं वाचायची, मग मुलांना कोणते प्रश्न विचारायचे, आणि त्या प्रश्नांची उत्तरं काय, हे सगळं छापलेलं. जाहिरातीचा सूर एकच: उघडा आणि सुरू करा.

मी टेक्सासमध्ये राहते आणि दोन मुलांना घरी शिकवते. माझ्या आजूबाजूच्या देशी घरांतही हे खोकं आता सर्रास दिसतं. गणिताला आपल्या लोकांना कुणाची मदत लागत नाही. इतिहासाला लागते, कारण अमेरिकेचा इतिहास आपण स्वतः शाळेत शिकलेलो नाही. बोस्टनचा चहा, लिंकनचा खून आणि मार्टिन ल्यूथर किंग यांच्यापलीकडे बहुतेकांची गाडी जात नाही. मग खोकं देवासारखं धावून येतं.

गोष्टीतून इतिहास शिकवण्याच्या कल्पनेत खोट नाही. शार्लट मेसन नावाच्या इंग्रज शिक्षणतज्ज्ञ बाईंनी एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी हा आग्रह धरला, की मुलांना सनावळ्यांचा सुका भुसा न देता जिवंत पुस्तकं द्यावीत. आजची ही सगळी परंपरा त्यांचं नाव घेते. दहा वर्षांच्या मुलाला १७७५ सालचं बोस्टन पाठ करायला लावलं तर ते महिन्याभरात विसरेल. पण एस्थर फोर्ब्झची 'जॉनी ट्रेमेन' वाचून दाखवली, तर हात भाजलेला तो चांदीकामाचा उमेदवार मुलगा त्याला जन्मभर आठवेल. आपण महाराष्ट्रात चौथीत शिवाजी महाराजांचा इतिहास असाच शिकलो. गोष्ट आत शिरते.

आणि ती आत शिरते म्हणूनच ती कुणी निवडली हे विचारायला हवं. पाठ्यपुस्तकावर मूल सहसा प्रेम करत नाही, त्यामुळे त्याच्याशी भांडणं सोपं असतं. कादंबरीत मूल एका माणसाच्या डोळ्यांनी बघायला लागतं. ज्याच्या डोळ्यांनी बघतो तो 'आपला', उरलेले 'ते'. पंचवीस पुस्तकांच्या संचात पंचवीस वेळा ही वाटणी होते. ती वाटणी म्हणजेच शिकवलेला इतिहास. सनावळी ही नुसती त्याची खुंटी.

उदाहरण घेऊ. लॉरा इंगल्स वाइल्डरचं 'लिटल हाउस ऑन द प्रेअरी' हे १९३५ सालचं पुस्तक अशा संचांचं लाडकं आहे. गोड आहे, घट्ट बांधलेलं आहे, वडील सारंगी वाजवतात, आई स्वयंपाक करते, लांडगे घराभोवती बसतात. मुलं जीव टाकतात. पण इंगल्स कुटुंबानं १८६९ च्या सुमाराला कॅन्ससमध्ये ज्या जमिनीवर लाकडी घर बांधलं, ती तेव्हा ओसेज लोकांची राखीव जमीन होती. तिथं वसाहत करायचा कायदेशीर हक्क या कुटुंबाला नव्हता. पुस्तकाच्या शेवटाकडे ओसेज लोकांची लांबच लांब रांग घरासमोरून निघून जाते, आणि त्या रांगेतलं एक बाळ आपल्याला हवं म्हणून छोटी लॉरा रडते. प्रसंग विलक्षण आहे. पण ही माणसं का चालली आहेत, कुठे चालली आहेत, आणि कोणत्या करारानं त्यांची जमीन गेली, हे मुलाला त्या पुस्तकातून समजत नाही.

एक तपशील याहून बोलका आहे. मूळ आवृत्तीच्या सुरुवातीला त्या प्रदेशाचं वर्णन करताना तिथं माणसं नाहीत, फक्त इंडियन राहतात, अशा अर्थाचं वाक्य होतं. १९५२ मध्ये एका वाचकानं प्रकाशकाला पत्र लिहून आक्षेप घेतला. १९५३ च्या आवृत्तीत 'माणसं' या शब्दाच्या जागी 'वसाहतकरी' आला. मधली अठरा वर्षं ते वाक्य लेखिका, संपादक, ग्रंथपाल, शिक्षक यांच्या हातांखालून जात राहिलं. ही सगळी माणसं दुष्ट होती असं नाही. ती सगळी त्याच गाडीत बसून बाहेर बघत होती, म्हणून त्यांना ते खटकलं नाही.

माझ्या घरी आलेल्या मार्गदर्शिकेत या पुस्तकावरचे प्रश्न होते: वडिलांनी विहीर कशी खणली? आईला कशाची भीती वाटत होती? ही जमीन कुणाची होती, हा प्रश्न नव्हता. खोक्याची खरी अडचण ही आहे. जुनं पुस्तक त्याच्या काळाचं असणारच, तो त्याचा दोष नाही. पण आज विकली जाणारी मार्गदर्शिका आजची आहे. कोणता प्रश्न विचारायचा हे तिनं ठरवलं, उत्तरही छापलं, आणि वर आपल्याला सांगितलं की तुम्हाला तयारी करायची गरज नाही. इतिहासात शिकण्यासारखी जी मुख्य गोष्ट आहे, म्हणजे हे कोण सांगतंय, कुणाला सांगतंय आणि कुणाला वगळतंय हे ओळखणं, तेवढी सोडून बाकी सगळं खोक्यात भरलेलं असतं.

यावर मला तीन उत्तरं नेहमी मिळतात. तिन्ही गंभीर आहेत, म्हणून एकेक घेते.

पहिलं: शाळेची पाठ्यपुस्तकं काय मोठी धुतल्या तांदळासारखी आहेत? नाहीत. २०१५ मध्ये टेक्सासमधल्या एका नववीच्या मुलानं भूगोलाच्या पुस्तकातल्या मजकुराचा फोटो आईला पाठवला. आफ्रिकेतून गुलाम करून आणलेल्या लोकांना तिथं 'कामगार' म्हटलं होतं. आईनं ते जगासमोर मांडलं आणि प्रकाशकाला मजकूर बदलावा लागला. म्हणजे शाळेचं पुस्तक चुकलं होतंच. पण ती चूक पकडली कशी गेली? पुस्तक हजारो घरांत गेलं, त्यातल्या एका घरातल्या डोळ्यांना ते टोचलं, आणि दाद मागायला एक जागा होती. घरातल्या शाळेत हे डोळे कुठून आणणार? टेक्सासमध्ये घरची शाळा कायद्याच्या लेखी खासगी शाळा असते. राज्याच्या सर्वोच्च न्यायालयानं १९९४ मध्ये हे पक्कं केलं. शिकवायचे विषय ठरलेले: वाचन, शुद्धलेखन, व्याकरण, गणित आणि चांगलं नागरिकत्व. इतिहास त्या यादीत नावानं नाहीच. मी काय शिकवते हे बघायला कुणी येत नाही. हे स्वातंत्र्य मला हवं आहे, मी ते सोडणार नाही. पण बाहेरून पकडणारं कुणी नसेल, तर पकडण्याचं काम माझ्या अंगावर येतं. आणि तेच काम मी पैसे भरून दुसऱ्याकडे सोपवायचं?

दुसरं उत्तर: आमच्याकडे वेळ नाही. नोकरी, घर, दोन मुलं, वर हे. मान्य. म्हणून मी खोकं जाळा असं म्हणत नाही. माझा नियम साधा आहे: एका घटनेला दोन पुस्तकं आणि एक कागद. दुसरं पुस्तक असं, की त्यातलं 'आपण' पहिल्यापेक्षा वेगळं असेल. 'लिटल हाउस'च्या शेजारी लुईझ अर्ड्रिकचं 'द बर्चबार्क हाउस' ठेवा. १९९९ चं पुस्तक, १८४७ मधल्या ओजिब्वे मुलीची गोष्ट. त्यातही घर आहे, हिवाळा आहे, आजी आहे, फक्त गोरे बाहेरून येतात. 'जॉनी ट्रेमेन'च्या शेजारी लॉरी हॉल्स अँडरसनचं 'चेन्स' ठेवा. त्यात १७७६ सालच्या न्यू यॉर्कमधली एक गुलाम मुलगी आपलं स्वातंत्र्य कोणत्या बाजूकडून मिळेल याचा हिशोब करते. दोन्ही पुस्तकं सार्वजनिक वाचनालयात सहज मिळतात.

कागद तर फुकट आहे. स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्याचा जेफरसननं लिहिलेला कच्चा मसुदा लायब्ररी ऑफ काँग्रेसनं सगळ्यांना बघायला ठेवला आहे. त्यात गुलामांच्या व्यापाराबद्दल इंग्लंडच्या राजाला दोष देणारा परिच्छेद होता. काँग्रेसनं तो काढून टाकला. लिहिणारा जेफरसन स्वतः आयुष्यभरात सहाशेहून जास्त गुलामांचा मालक होता. दहा-बारा वर्षांच्या मुलापुढे हे ठेवा आणि गप्प बसा. त्याला पडणारे प्रश्न कुठल्याही मार्गदर्शिकेत नसतील. १९३६ ते १९३८ या काळात सरकारी योजनेतून घेतलेल्या, पूर्वी गुलाम असलेल्या माणसांच्या दोन हजार तीनशेहून जास्त मुलाखती त्याच ग्रंथालयाकडे आहेत. त्या वाचताना मुलांना हेही विचारा, की मुलाखत घेणारे बहुतेक गोरे होते, मग म्हातारा माणूस मोकळेपणानं किती बोलला असेल? याला आठवड्यातला एक तास लागतो.

मराठी माणसाला हे कुणी शिकवायला नको खरं तर. बखर आणि कागद यांतला फरक आपल्याकडे वि. का. राजवाड्यांनी शंभर वर्षांपूर्वी घासून दाखवला. गावोगाव फिरून, माळ्यांवरून दप्तरं काढून 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' छापली. बखर रसाळ असते, म्हणून ती वाचायची. पण तिच्यावर विसंबायचं नाही, कागद बघायचा. आपल्या इतिहासाला ही कसोटी लावणारे आपण, अमेरिकेची बखर मात्र खोक्यासकट गिळतो.

तिसरं उत्तर मला सगळ्यात जास्त खटकतं: हा आपला इतिहास नाही, मुलांनी तो शिकावा, गुण मिळवावेत आणि पुढे जावं. हे साफ चूक आहे. १९२३ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं भगतसिंग थिंड यांना सांगितलं की तुम्ही गोरे नाही, म्हणून नागरिक होऊ शकत नाही. आधी नागरिकत्व मिळालेल्या अनेक हिंदी लोकांचं नागरिकत्व त्यानंतर काढून घेतलं गेलं. भारतीयांना नागरिक होण्याची वाट १९४६ मध्ये उघडली, तीही वर्षाला शंभर माणसांच्या प्रवेशापुरती. खरं दार उघडलं १९६५ च्या कायद्यानं. आणि तो कायदा ज्या वातावरणात झाला, ते वातावरण मार खात, तुरुंगात जात, रस्त्यावर उतरलेल्या काळ्या लोकांनी तयार केलं होतं. आपला व्हिसा, आपलं घर, आपल्या मुलांची ही निवांत घरची शाळा, सगळं त्या चळवळीच्या ऋणात आहे. संचातल्या पंचवीस पुस्तकांत त्या चळवळीला एखादं चरित्र मिळत असेल, तर मुलांना ऋण कळणार कसं?

त्याही आधीचं आपलं नातं आहे. जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' अर्पण केली ती गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतल्या लोकांना. १९४६ मध्ये बाबासाहेबांनी डब्ल्यू. ई. बी. ड्यूबॉइस यांना पत्र लिहून, काळे लोक संयुक्त राष्ट्रांकडे देत असलेल्या निवेदनाची चौकशी केली. पंडिता रमाबाई १८८६ मध्ये अमेरिकेत गेल्या, देशभर फिरल्या आणि १८८९ मध्ये 'युनायटेड स्टेट्सची लोकस्थिति आणि प्रवासवृत्त' हे मराठी पुस्तक लिहिलं. त्या काळातली अमेरिका एका मराठी बाईच्या नजरेतून शिकवता येते, हे आपल्या किती घरांत माहीत आहे? अशी साधनं ज्या भाषेत आहेत, त्या भाषेच्या घरानं इतिहास निवडायचं काम परक्या दुकानदाराला द्यावं, याचा मला राग येतो.

आणि पाठ्यपुस्तकात काय येतं याला महत्त्व असतं, हे आपल्या लोकांना चांगलं कळतं. २००५-०६ मध्ये कॅलिफोर्नियातल्या सहावीच्या पुस्तकांत हिंदू धर्म, जात आणि स्त्रिया यांबद्दल काय छापायचं यावरून काही हिंदू संघटनांनी केवढा वाद घातला! प्रकरण न्यायालयापर्यंत गेलं. २०१६ मध्ये पुन्हा तेच. दलित संघटनाही आपली बाजू घेऊन उभ्या राहिल्या. आपल्याबद्दलचं एकेक वाक्य तपासायची ही जागरूकता असेल, तर ओसेज लोकांबद्दलच्या, गुलाम माणसांबद्दलच्या वाक्यांपाशी ती झोपी का जाते? स्वतःपुरती जागी राहणारी इतिहासदृष्टी म्हणजे नुसती आपल्या पोटजातीची काळजी.

तुम्ही वीस-पंचविशीत असाल, पुण्यात किंवा परभणीत बसून फोनवर हे वाचत असाल, आणि अमेरिकेतल्या होमस्कूलिंगशी आपलं काय देणंघेणं असं वाटत असेल, तर तुमच्याही हातात एक खोकं आहे. तयार संच, तयार क्रम, तयार प्रश्न, तयार उत्तरं, आणि विचार न करण्याची सोय. विषय तेवढा वेगळा.

खोकं घ्यायला माझी हरकत नाही. पुस्तकं त्यातली बरीचशी चांगली असतात. घ्या, यादी नीट वाचा, प्रत्येक पुस्तकापुढे ते कुणाच्या डोळ्यांनी लिहिलंय ते पेन्सिलीनं लिहा. एकच नाव पुन्हा पुन्हा यायला लागलं की वाचनालयात जा. आणि उत्तरं छापलेली पानं फाडून रद्दीत टाका, म्हणजे मुलांनी प्रश्न विचारल्यावर तुम्हालाही त्यांच्याबरोबर शोधावं लागेल.