मसूरचे स्टेशन आणि दहा रुपयांचे तिकीट

सातारा जिल्ह्यातील मसूर हे पुणे-मिरज मार्गावरील एक लहानसे स्टेशन. आंबेडकरी माणसाला ते ठाऊक असायलाच हवे. 1901 साली बालवयातील बाबासाहेब भाऊ व भाच्यांसह साताऱ्याहून रेल्वेने येथे उतरले. वडील खटाव तालुक्यात दुष्काळी कामावर खजिनदार होते. स्टेशनमास्तरने आधी आपुलकीने चौकशी केली. मुले महार आहेत हे कळताच तो मागे सरकला. एकही गाडीवान तयार होईना. अखेर दुप्पट भाडे, मुलांनी गाडी हाकायची आणि गाडीवानाने पायी चालायचे, या अटीवर सौदा झाला. 'वेटिंग फॉर अ व्हिसा'मध्ये बाबासाहेबांनीच हे लिहून ठेवले आहे.

रेल्वेत बसायला तिकीट पुरले, बैलगाडीत बसायला पुरले नाही. बैलगाडी गावच्या जातीव्यवस्थेच्या मालकीची होती. म्हणूनच आमच्या समाजाला पॅसेंजर गाडीचे मोल वेगळे आहे. मजुरीला, कॉलेजला, तालुक्याच्या कोर्टात जाताना गावातल्या कुणाच्या जीपपुढे हात जोडावे लागत नाहीत.

त्या गाडीचे काय झाले? मार्च 2020 मध्ये टाळेबंदीत गाड्या थांबल्या. पुढे अनेक पॅसेंजर परतल्या त्या 'स्पेशल' नावाने, एक्स्प्रेसच्या भाड्याने. किमान तिकीट दहाचे तीस रुपये झाले. अनावश्यक प्रवास टळावा म्हणून भाडे थोडे जास्त ठेवले, असा खुलासा रेल्वेने फेब्रुवारी 2021 मध्ये केला. (शेतमजुराचा प्रवास अनावश्यक, हे ठरवले कुणी?) जुने भाडे परत यायला फेब्रुवारी 2024 उजाडला, लोकसभा निवडणुकीच्या तोंडावर! मधल्या काळात ज्या पोरीचे कॉलेज सुटले, तिचा हिशेब कोणत्याही फायलीत नाही.

दरम्यान 6 ऑगस्ट 2023 रोजी 508 स्थानकांच्या पुनर्विकासाची पायाभरणी झाली. स्टेशने चकचकीत होण्यास आमचा विरोध नाही. पण खेड्यातल्या माणसाला हवा असतो थांबा, आणि तोही कामावर वेळेत पोहोचवणारा.

आपले खासदार पत्रे देतात, फोटो छापून आणतात. त्यावर विसंबू नये. रेल्वेमार्गावरील प्रत्येक गावातील कार्यकर्त्यांनी आपल्या स्टेशनवर मार्च 2020 पूर्वी किती गाड्या थांबत होत्या, आज किती थांबतात आणि बंद झालेले थांबे कोणत्या आदेशाने बंद झाले, हे माहितीच्या अधिकारात लेखी मागवावे. अर्जाचे शुल्क दहा रुपये आहे. दारिद्र्यरेषेखालील अर्जदाराला तेही माफ आहे.