'मी आलो' म्हणणाऱ्या बायका

"बाईमाणूस असून 'मी आलो' म्हणते, काय हे अडाणी बोलणे!" हा शेरा ऐकला की माझे डोके फिरते. आमचे शिरवळ नीरेकाठी. पूल ओलांडला की पुणे जिल्हा. त्यामुळे पुणेरी बोलण्याचा तोरा आमच्याकडे जरा लवकर पोचतो, आणि सांगली-कोल्हापूरकडून आलेल्या सुनेची पहिली थट्टा होते ती तिच्या क्रियापदावरून!

या हसणाऱ्यांना मी एकच विचारतो. दिवाळीला दोघी बहिणी माहेरी आल्या की उंबऱ्यातून काय म्हणतात? "आई, आम्ही आलो!" शुद्ध बोलणारीही तिथे 'आम्ही आल्या' म्हणत नाही. अनेकवचनात जे शिष्ट, तेच एकवचनात अशिष्ट कसे? 'मी येईन' म्हणताना तर स्त्रीपुरुषभेद कुणीच दाखवीत नाही. सांगलीपलीकडच्या कानडी मुलखात 'मी आलो' आणि 'मी आले' या दोहोंना 'नानु बंदे' हे एकच रूप. दूर मलायात तर क्रियापद लिंगासाठी बदलतच नाही. म्हणून तिथे कोणी बाईला बुवा समजल्याचे ऐकिवात नाही!

निबंधात 'मी आले' लिहावे, हे मला मान्य आहे. पण गेल्या वर्षी एका शाळेत सांगलीकडच्या मुलीच्या 'मी गेलतो'वर सारा वर्ग हसला, गुरुजीही हसले. तेव्हापासून ती पोर उत्तर येत असूनही हात वर करीत नाही. गुरुजी, सुट्टी संपली की व्याकरण राहू द्या. आधी तिला बोलती करा.