सशाला कोपरा कळतो

ससा कुठेही घाण करतो, त्याला शिकवता येत नाही. हैदराबादच्या चिक्कडपल्लीत भाड्याचे घर पाहणाऱ्याने ससा पाळल्याचे सांगितले की हे वाक्य त्याला हमखास ऐकावे लागते. अशोकनगरच्या छोट्या खोल्यांत तर घरमालकाची धास्ती आणखी मोठी. धास्ती खोटी नसेल, पण तिच्यामागचे कारण साफ चुकीचे आहे.

या समजात दोन प्राण्यांची गल्लत आहे. आपल्या माळरानावरचा ससा बीळ खणत नाही, गवतात एकटा दडून बसतो; १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने तो घरी पाळताही येत नाही. घरातला पांढरा किंवा ठिपकेदार ससा मुळात स्पेन-पोर्तुगालकडचा. त्याच्या रानटी पूर्वजांचे कळप बिळांच्या जाळ्यात राहतात आणि लेंड्यांसाठी ठरावीक जागा राखतात. रोमन मायकिटोविच या शास्त्रज्ञाने ऑस्ट्रेलियात १९६० च्या दशकात अशा ढिगांचा अभ्यास केला, तेव्हा त्या हद्दीच्या खुणा निघाल्या. गुदद्वाराजवळच्या ग्रंथींचा वास लागलेल्या लेंड्या म्हणजे कळपाची सही. अमेरिकेत मॅरिनेल हॅरिमन यांनी १९८५ साली घरातल्या सशांवर पुस्तक लिहिले आणि १९८८ पासून तिथली ‘हाउस रॅबिट सोसायटी’ हेच सांगत आली आहे: ससा शौचासाठी पेटी, म्हणजे ट्रे, वापरतो.

मग नव्या घरात पहिल्या दिवसांत लेंड्या विखुरतात, त्या का? कारण ससा तिथे आपली हद्द आखत असतो. यावर उपाय मार किंवा ओरडा नाही. भित्र्या प्राण्याला शिक्षेतून फक्त माणसाची भीती कळते. सुरुवातीला त्याला खोलीचा एक भागच द्यावा. लघवीसाठी तो जो कोपरा निवडेल, तिथेच ट्रे ठेवावा आणि एका बाजूला भरपूर सुके गवत टाकावे, कारण खाता खाताच लेंड्या टाकणे ही सशाची रीत आहे. घर बदलताना जुना ट्रे घासून चकचकीत करण्याचा मोह टाळावा. लघवीने ओला झालेला कागद आणि मूठभर लेंड्या बरोबर आणल्या, तर नव्या जागेत ओळखीचा वास मिळतो. ट्रेची सवय टिकली की पुढची खोली उघडावी.

तारेच्या तळाचा पिंजरा घ्या, घाण खाली पडेल, हा सल्ला तर निर्दयच म्हणावा लागेल. सशाच्या पायाला कुत्र्यासारखी गादी नसते; तारेवर तळवे सोलून जखमा होतात. मांजरासाठीची गोळा होणारी मातीही नको. ससा ती चघळतो, ती पोटात फुगते, आणि सशाला उलटी करता येत नाही. रद्दी वर्तमानपत्राचे जाड थर पुरतात. वर वाळवलेली हरळी, मात्र फवारणी न झालेल्या जागेतली. द्राक्षांच्या घोसासारख्या मऊ लेंड्या दिसल्या, तर तो शिकवणीचा दोष समजू नये. ससा त्या एरवी गुदद्वाराशी तोंड नेऊन खातो. त्या पडून राहू लागल्या, की आहार तपासायचा.

एक हरकत मात्र खरी आहे: वयात आलेला नर लघवीच्या चिळकांड्या उडवतो. साधारण चार ते सहा महिन्यांच्या वयात नसबंदी केली, की हे बरेच थांबते. मादीची केली, तर गर्भाशयाच्या कर्करोगाचाही धोका टळतो. शेजारच्या नारायणगुड्यात सरकारी पशुरुग्णालय आहे. तिथे जावे किंवा खासगी डॉक्टरकडे, सशांची शस्त्रक्रिया केली आहे का हे आधी विचारावे. शस्त्रक्रियेपूर्वी सशाला कुत्र्यासारखे रात्रभर उपाशी ठेवा, असे सांगणारा डॉक्टर टाळावा. उलटी होत नसल्याने उपवासाची गरज नसते आणि रिकामी आतडी मंदावतात.

‘बाल्कनीत ठेवा की’ ही घरमालकाची तडजोड स्वीकारू नये. ससा कानांतून उष्णता सोडतो, घाम गाळत नाही. हैदराबादचा एप्रिल-मे चाळिशी पार करतो आणि तिशीतच सशाचा जीव कासावीस होऊ लागतो. पेटी घरातच, सावलीत, पंख्याच्या वाऱ्यात हवी. फरशीची काळजी असेल, तर ट्रेखाली प्लास्टिकची चादर अंथरावी. सशाच्या लघवीतल्या कॅल्शियमची पांढरी पुटे व्हिनेगरने जातात, पण ते ट्रेलाच लावावे. शहाबादी फरशी चुनखडीची असते, व्हिनेगर तिला खाते. तिच्यावर ओले फडके फिरवले की झाले.